वजन येतं, उजेड येत नाही

प्रल्हादच्या हातात खडू होता आणि वाक्य अर्ध्यावर होतं, तेव्हा शेवटच्या रांगेतून त्याच्या सासूबाई उभ्या राहिल्या. पापडीच्या त्या लहानशा सभागृहात विज्ञानमंडळाच्या रविवारच्या व्याख्यानाला फारशी माणसं नसत. निम्मी त्याच्याच ज्युनिअर कॉलेजची मुलं, बाकीची निवृत्त मंडळी. धोंडूबाईंचं तिथं काहीच काम नव्हतं. त्यांचा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुपारचा नंबर होता आणि तोवर उन्हात कुठं बसायचं म्हणून हेमांगीनं, प्रल्हादच्या बायकोनं, आईला आणि भावजय सुनंदाला मागच्या खुर्च्यांवर आणून बसवलं होतं. प्रल्हाद भौतिकशास्त्र शिकवायचा. आजचा विषय त्याच्या आवडीचा, गेली दोन-तीन वर्षं तो त्यातच बुडालेला. टेबलावरच्या चादरीला त्यानं शिवणाचा एक दोरा दोन्ही टोकांनी टाचण्या मारून बसवला होता आणि सकाळी हेमांगीकडून मागून आणलेली काचेची बांगडी हातात धरली होती. विश्वातली प्रत्येक गोष्ट म्हणजे थरथरणारी बारीक तार आहे, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं, तो सांगत होता. हा दोरा म्हणजे प्रकाश. त्याची दोन्ही टोकं आपल्या जगाच्या पडद्याला चिकटलेली, म्हणून तो पडदा सोडून जाऊ शकत नाही. ही बांगडी म्हणजे गुरुत्वाकर्षण. हिला टोकच नाही, त्यामुळे हिला कुणी बांधू शकत नाही. ही पडद्याबाहेर जाते, बाहेरून आतही येते. समजा आपल्या शेजारीच दुसरा पडदा असला, तर तिथल्या वस्तूचा उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही, पण तिचं वजन मात्र... इथवर तो आला होता.

"जावईबापू," धोंडूबाई म्हणाल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती, पण शेताच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची होती, त्यामुळे आवाज सगळीकडे गेला. "मंग एकादा मानूस हाय, पन दिसत नाय, त्याचं वजन तेवडं आपल्याला लागतं, असं असतं का?"

पोरं हसली आणि लगेच गप्प झाली, कारण सरांचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. प्रल्हादला एखाद्यानं पाठीमागून पाण्यात ढकलावं तसं झालं. कानांत दडे बसले. त्या कुणाबद्दल विचारताहेत हे त्या सभागृहात फक्त चौघांना ठाऊक होतं. उत्तरही त्याच्याजवळ होतं. आई, हे तारे आणि कणांबद्दल आहे, माणसांबद्दल नाही, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "शक्य आहे." आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, पुढं म्हणाला, "गणित तरी नाही म्हणत नाही."

धोंडूबाईंनी मान हलवली, पदर सारखा केला आणि त्या बसल्या. शेजारी सुनंदानं डोळे मिटून घेतले. पुढचं व्याख्यान प्रल्हादनं दिलं, पण ते दुसरंच कुणी देत असल्यासारखं त्याला लांबून ऐकू येत राहिलं. एका मुलानं विचारलं, सर, वस्तू प्रकाशाच्या वेगाजवळ गेली की तिचं वस्तुमान वाढतं ना. तो म्हणाला, जुन्या पुस्तकांत तसं लिहायचे, मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. आता तसं म्हणत नाहीत. वाढते ती ऊर्जा. वस्तू कितीही पळाली तरी वस्तुमान तेच राहतं. बोलता बोलता त्याला हरेश्वरचं हसू आठवलं. हेच चुकीचं वाक्य त्यानं हरेश्वरलाही शिकवलं होतं, मिठागराच्या बांधावर बसून, आणि तो म्हणाला होता, म्हणजे भावजी, मी स्कूटर जोरात हाणली तर पोलिसाला उचलणार नाही.

हरेश्वर म्हणजे हेमांगीचा धाकटा भाऊ, धोंडूबाईंचा एकुलता मुलगा, सुनंदाचा नवरा. खाडीकडच्या गावात त्यांची वाडी होती, भात, मोगरा, थोडी केळी. हरेश्वरचा जीव वाडीत रमला नाही. कामणच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता आणि रोज स्कूटरनं जायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका सकाळी डबा घेऊन गेला तो परत आला नाही. स्कूटर तिसऱ्या दिवशी भिवंडी रस्त्याच्या कडेला सापडली, नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. ती ओळखायला प्रल्हादच गेला होता. सीटवर चिंचेचा पाला पडला होता आणि तो त्यानं का कोण जाणे हातानं झाडून काढला होता, जणू मालक आत्ता येईल. मग खाडी धुंडाळली. मग इस्पितळं. जिथं जिथं बेवारस प्रेत आल्याचं कळायचं तिथं जायचं काम प्रल्हादकडं आलं, कारण सासऱ्यांचं निधन आधीच झालेलं आणि घरात दुसरा पुरुष नव्हता. चादर उचलायची, बघायचं, मान हलवायची. प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं आणि प्रत्येक वेळी त्या सुटण्याची लाज वाटायची. घरी येऊन तो सांगायचा, नाही. धोंडूबाई म्हणायच्या, मला म्हाईत व्हतं. या गोष्टीला आता बारा वर्षं होत आली होती.

आणि बारा वर्षं म्हणूनच हे सगळं. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा नि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत भटजींनी सांगितली होती. पुतळा जळला की सुनंदा मोकळी. ती आता छत्तिशीची होती, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू आणि हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही हा दर वेळी शेजारणींना पडणारा प्रश्न. सुधाकर नावाच्या एका माणसानं तिला मागणी घातली होती. औषधांच्या कंपनीत कारकून, बायको आजारपणात गेलेली, शांत माणूस. तोही थांबला होता. धोंडूबाई दोन वर्षं अडून बसल्या होत्या. हेमांगीनं रडून, समजावून, कधी भांडून त्यांना तयार केलं होतं, आणि येत्या अमावास्येचा दिवस ठरला होता.

त्या रविवारी डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे धोंडूबाई रिक्षात डोळ्यांवर पदर धरून बसल्या आणि गाव येईपर्यंत बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर सुनंदानं पानं वाढली. धोंडूबाईंनी भाताला हात लावला आणि वर न बघता म्हणाल्या, "भटाला सांगा, नको." हेमांगीच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय नको?" "ते जालायचं. नको. जावईबापू बोल्ले ना सभेत. तो हाय." सुनंदानं प्रल्हादच्या पानात आमटी वाढली, ती वाटीच्या काठावरून सांडली, आणि तिनं ती बोटानं पुसून घेतली. तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

मनवेलपाड्याला आपल्या घरी आल्यावर हेमांगीनं दार लावून घेतलं आणि साडीसुद्धा न बदलता पलंगावर बसली. "तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं? एवढा एकच शब्द?" तो म्हणाला, मी शक्य आहे म्हणालो, आहे असं म्हणालो नाही. "आईला ते दोन वेगळे वाटतात का?" ती म्हणाली. खाली पाण्याचा टँकर आला, बायकांचा गलका सुरू झाला, पण ती उठली नाही. प्रल्हाद बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याला स्वतःचाच धक्का बसला होता आणि तो ओसरत नव्हता. आयुष्यभर त्यानं पोरांना सांगितलं होतं, पुरावा काय ते आधी बोल. एका मुलीनं परीक्षेत कारण न देता बरोबर उत्तर लिहिलं तर त्यानं तिला अर्धेच गुण दिले होते. आणि भर सभेत, एका म्हाताऱ्या आईला, त्यानं पुराव्याशिवाय आशा देऊन टाकली होती. दया आली म्हणून? त्यानं स्वतःला तसं पटवून पाहिलं आणि ते टिकेना. मग हळूहळू, नको असताना, त्याला दिसायला लागलं की तो प्रश्न पहिल्यांदा विचारणाऱ्या धोंडूबाई नव्हत्याच. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात त्यानं ते प्रकाशाच्या टोकांचं आणि गुरुत्वाकर्षणाच्या वेटोळ्याचं पहिल्यांदा वाचलं, तेव्हा त्यानं ते पान तीनदा वाचलं होतं. त्याला वाटलं होतं, कल्पनाच किती सुंदर आहे म्हणून. त्यानंतर त्यानं मिळेल ते वाचलं, न समजणारी समीकरणं पुन्हा पुन्हा उतरवून काढली, रविवार घालवले. आपण एका सिद्धांताच्या मागं लागलोय असं त्याला वाटत होतं. तो चादर उचलून बघत होता. अजूनही. वेगळ्या इस्पितळात.

आठवडाभर त्यानं वर्गात शिकवलं, पण फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबायचा. दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहिली तर त्यांच्यात किती ओढ असते याचं गणित त्यानं मुलांना घातलं, जणू ते त्यांच्यासाठीच होतं. उत्तर इतकं क्षुल्लक आलं की अंगावर बसलेल्या डासाचं वजनही त्यापुढं भारी. हे सांगावं, असं त्यानं ठरवलं. आई, माणसाची माणसाला ओढ असते, पण ती इतकी कमी असते की कळत नाही. जी कळते ती दुसरी, आणि ती आपल्या मनात असते, बाहेर कुणी नसतानाही असते. वाक्यं त्यानं मनात घोळवली. ती खरी होती. त्यांना कुठं धक्का लावायला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी तो एकटाच गावी गेला. हेमांगी आली नाही, तुम्हीच बांधलंत, तुम्हीच सोडा, एवढंच म्हणाली. वाडीत शिरताना मोगऱ्याच्या वाफ्यात सुनंदा कळ्या खुडत होती. कमरेला फडकं बांधलेलं, त्यात पांढरा ढीग. तिनं त्याला बघून हात थांबवले नाहीत.

"आईंना सांगायला आलोय," तो म्हणाला. "माझं चुकलं ते सांगणार आहे. असं काही नसतं, कुणी नाहीये, असं स्पष्ट सांगतो."

"सांगा दादा," ती म्हणाली. "तेवढं सांगाच. त्यांचा तुमच्यावर फार भरवसा आहे. तुमचं ऐकतील." मग ती थोडा वेळ कळ्या खुडत राहिली. "पण तुम्हाला एक माहीत असावं. नाहीतर उद्या कधी कळलं तर तुम्ही म्हणाल, माझ्याकडून खोटं बोलवून घेतलं." तिनं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "ते आहेत. मी बघितलंय त्यांना."

प्रल्हादला वाटलं तिनं काहीतरी दुसरं म्हटलं आणि आपल्याला हे ऐकू आलं. त्यानं विचारलं, कोण.

"हे," ती म्हणाली, नवऱ्याला म्हणतात तसं. "चार वर्षं झाली. मी भिवंडीला गेले होते, शिवणाचं कापड आणायला. हे एस.टी. स्टँडवर उभे होते टपरीपाशी, चहा पीत. बरोबर एक बाई होती आणि तिच्या कडेवर पोर. मी हाक मारणार होते. तोंड उघडलं होतं मी, दादा. तेवढ्यात त्यांनी बघितलं. ओळखलं नसतं तर मी समजले असते की माणसाचं डोकं फिरलंय, विसरलाय. पण ओळखलं. चांगलं ओळखलं. मग ते बसमध्ये चढले, पोराला मांडीवर घेतलं आणि खिडकीची काच ओढून घेतली."

"आणि तू?"

"मी कापड घेऊन घरी आले. आई पडवीत बसल्या होत्या. म्हणाल्या, उशीर केलास. भात टाकला."

तो वाफ्याच्या बांधावरच बसला, ओल्या मातीत, कॉलेजात जायच्या पँटनं. बारा वर्षांतला एकेक दिवस डोळ्यांसमोर यायला लागला आणि प्रत्येक दिवस बदलून येत होता. तो जेव्हा जेव्हा चादरी उचलत होता तेव्हा हरेश्वर कुठंतरी जेवत होता. हेमांगी भाऊबिजेला एक पाट रिकामा मांडून त्यापुढं निरांजन ओवाळत होती तेव्हा तो कुणाच्या तरी पोराला झोपवत होता. आणि ही बाई, समोर उभी, तिनं हे चार वर्षं पोटात ठेवलं होतं, सणावारी कुंकू लावत, सासूच्या पायांना तेल चोळत. राग यायला हवा होता. राग आला नाही, नुसता धक्काच येत राहिला, एकामागून एक, समुद्राच्या लाटा गुडघ्यांवर आदळतात तसा. का गेला तो, त्यानं विचारलं. "मला माहीत नाही," सुनंदा म्हणाली. "पहिली दोन वर्षं विचारायचं होतं. आता नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"आईंना काय सांगू? मुलगा गेला हे त्या कधीतरी सोसतील. मुलगा चाळीस किलोमीटरवर आहे आणि येत नाही, हे त्या कशा सोसतील? त्यापेक्षा पुतळा बरा. जाळला की संपलं. त्यांचंही, माझंही." ती पहिल्यांदा त्याच्याकडं बघून बोलली. "तुम्ही फक्त तुमच्या शास्त्राचं सांगा. ते सिद्ध झालेलं नाही म्हणा. ते तर खरंच आहे ना?"

खरंच होतं. तो उठला. पँटची माती झटकली. वाडीतून घरापर्यंतच्या त्या थोड्या वाटेवर त्याला वाटलं आपण वाक्यं विसरलो, पण ती होती. उलट आता ती जास्तच घट्ट बसली होती. प्रत्येक शब्द खरा, आणि सगळे मिळून खोटं. असं त्यानं आयुष्यात कधी मांडलं नव्हतं.

धोंडूबाई पडवीत बसून वाल सोलत होत्या. भिजवलेल्या वालाचं साल चिमटीत दाबलं की दाणा टुपकन सुटून परातीत पडत होता. डोळे आता बरे होते. त्यांनी त्याला बसायला पाट सरकवला, पाणी विचारलं, हेमी का नाय आली म्हणाल्या. तो खाली बसला. त्यानं सुरुवात केली. "आई, त्या दिवशी मी सभेत जे बोललो ते शास्त्रात अजून सिद्ध झालेलं नाही. नुसता तर्क आहे. कुणी ते बघितलेलं नाही, मोजलेलं नाही. उद्या चूकही ठरेल." त्या ऐकत होत्या. दाणे पडत होते. "आणि माणसाचं वजन असं लांबून लागत नाही. आपल्याला जे लागतं ते..."

"ते असूं दे," धोंडूबाई म्हणाल्या. रागानं नाही, घाईनंही नाही. "तुमचं शास्तर मला काय समजनार. तुमी शिकलेले, तुमी खोटं बोलत नाय, म्हनून इचारते. हाय का नाय?"

दारात सावली आली. सुनंदा फडक्यातल्या कळ्यांसकट उंबऱ्याशी येऊन उभी होती. प्रल्हादनं तोंड उघडलं. नाही, हा शब्द जिभेवर तयार होता, त्याचा आकारसुद्धा त्याला जाणवत होता. बारा वर्षं तो हाच शब्द घेऊन या पडवीत येत होता, आणि दर वेळी तो खरा असायचा.

"आहे," तो म्हणाला.

सुनंदाच्या हातून फडकं सुटलं नाही. तिनं फक्त दाराच्या चौकटीला पाठ टेकली. धोंडूबाईंच्या चिमटीतला वाल तसाच राहिला. कुणीतरी शेजारच्या वाडीत पंप सुरू केला. आपण काय केलं हे त्याला आता कळत होतं. सुनंदानं चार वर्षं जे एकटीनं धरलं होतं ते त्यानं एका शब्दात, तिच्यादेखत, सोडून दिलं होतं. तिला विचारलं नव्हतं. तो तिच्याकडं बघू शकला नाही. आता म्हातारी ऊर बडवेल, आता ती कोसळेल, म्हणून त्यानं नकळत हात पुढं केला, धरायला.

धोंडूबाई कोसळल्या नाहीत. त्यांनी सुनेकडं बघितलं आणि त्या बघण्यातच त्यांना बहुधा उरलेलं सगळं कळलं. "तू बगितलास त्याला," त्या म्हणाल्या.

"हो," सुनंदा म्हणाली. "भिवंडीला."

"एकटा व्हता?"

"नाही."

"पोर?"

"एक आहे."

धोंडूबाईंनी चिमटी दाबली. दाणा परातीत पडला. मग दुसरा. मग त्या सुनंदाला म्हणाल्या, "भटाला नको सांग. जित्या मानसाला जालू नये. तू वकिलाकं जा, सोडचिट्टीचं बग. सुदाकरला बरोबर ने, एकटी जाऊ नको." ती उंबऱ्यावर खाली बसली आणि मोगऱ्याच्या कळ्या तिच्या मांडीवरून पडवीभर सांडल्या, आणि तिनं त्या गोळा केल्या नाहीत. आपल्याला क्षमा झाली की नाही, आणि ती कुणी कुणाला करायची, हे प्रल्हादला समजेना. त्याला एवढंच दिसत होतं की म्हातारीचे हात वाल सोलतच आहेत. त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"बारीक झालाय का?" धोंडूबाईंनी विचारलं.

प्रश्न कुणाला होता ते आधी कळलंच नाही. प्रल्हादनं मान वर केली. त्या परातीकडंच बघत होत्या.

"नाही आई," सुनंदा म्हणाली. "पोट सुटलंय त्यांचं."

"सुटनारच," धोंडूबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाचंबी चालिशीला सुटलं व्हतं." आणि त्यांनी पुढचा वाल उचलला.